वर्धा नदीवरची सागरी चौकशी

त्या रविवारी वासुदेवरावांनी सकाळी सातला नदीवर जाऊन प्रेमदास नावाड्याची नाव छडीने ठोकून पाहिली, आठला घरी येऊन चहा मागितला आणि पहिला घोट घेऊन जाहीर केलं, की नाव असुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, पण सुरक्षित आहे असंही लिहून देता येत नाही.

“मंग हाये तरी काय, ते एकदाचं सांग,” स्वयंपाकघरातून शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या वासुदेवरावांच्या थोरल्या बहीण. भावजय गेली तेव्हापासून हे घर त्याच चालवत होत्या.

“प्रकरण तहकूब आहे.”

“आठ वर्षं झाले तहकूब! एवढ्यात तर माणसाचं लगन होऊन लेकरू शाळेत जाते.”

लगन हा शब्द त्या घरात चुकून निघाला की जो तो हाताला लागेल त्या कामाला लागे. शकुंतलाबाईंनी उगाच एक भांडं घासायला घेतलं. वासुदेवराव बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले. ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या मुलीने, जयवंताने, मान वर केली नाही. ती वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, शनिवारी संध्याकाळी पॅसेंजरने पुलगावला उतरायची, तिथून दीड कोस सायकल रिक्षाने गावी यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. वय तेहतीस. इंग्रजी, मराठी, हिंदी, जे हाती लागेल ते वाचलेली. बोलायचं मात्र मोजकं.

वासुदेवरावांना सारं गाव नाझरसाहेब म्हणे. वर्ध्याच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं समन्स-जप्त्यांचं काम पाहणारा नाझर म्हणून काढली होती. निवृत्तीच्या साली जुन्या दप्तराची खोली साफ करताना त्यांना तळाशी एक जाडजूड पुस्तक सापडलं. इंग्रजांच्या अमदानीतलं, कलकत्त्याला छापलेलं. असुरक्षित जहाजं आणि सागरी अपघातांच्या चौकशा यांबद्दलचे कायदे. पुस्तकाची पानं कापलेलीसुद्धा नव्हती. नवल नाही. वर्ध्यापासून कोणत्याही बाजूला निघा, समुद्र लागायला एक रात्र तरी गाडीत काढावी लागते. कोण्या साहेबाने सगळ्या जिल्ह्यांना सारखी पुस्तकं धाडली असणार आणि वर्ध्याने ती सारख्याच इमानाने ठेवून दिली असणार. न्यायाधीशांनी हसून ते पुस्तक निरोपाच्या हारासोबत नाझरसाहेबांनाच देऊन टाकलं.

वासुदेवरावांनी घरी येऊन चाकूने एकेक पान कापलं आणि तीन महिन्यांत सगळं वाचून काढलं. मग त्यांनी अवतीभवती पाहिलं. जहाज नव्हतं. पण गावाखाली वर्धा नदी होती, नदीवर घाट होता आणि घाटावर प्रेमदास ढिवराची नाव होती. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. दोन जिल्ह्यांना जोडणारं जलवाहन म्हटल्यावर कायद्याने डोळेझाक करणं वासुदेवरावांना पटेना.

“जहाज असुरक्षित केव्हा?” ते प्रेमदासला विचारत. “चार कारणं. सांगाडा, साहित्य, माणसं नाही तर भार. म्हण.”

“सांगाडा, साहित्य, मानसं, भार,” प्रेमदास म्हणे. काळा, उंच, सरळ माणूस. सात पिढ्या नदीवर गेलेल्या. त्याला यातलं काही नवीन नव्हतं, पण कोणीतरी त्याच्या नावेचा इतका विचार करतं याचं त्याला मनातून बरं वाटे. दर वर्षी पोळा झाला, पाणी उतरलं, की वासुदेवराव नावेची तपासणी करत आणि स्वतःच्या अक्षरात एक दाखला लिहून देत. त्या दाखल्याला सरकारदरबारी काडीची किंमत नव्हती. प्रेमदासने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

एका साली वासुदेवरावांनी नावेवर चुन्याने आडवी रेषा मारून दिली. “हे बघ, ही भाररेषा. ही पाण्याखाली गेली की कायदा मोडला समज. काही झालं तरी ही बुडू द्यायची नाही.”

प्रेमदासने ते अक्षरशः पाळलं. बाजाराच्या दिवशी माणसं जास्त झाली आणि रेषा पाण्याला टेकली, की तो नाव काठाला घेई, ओली रेषा खरवडून काढी आणि चार बोटं वर नवी मारी. पुढे खरवडायचाही कंटाळा केला. मग रेषांवर रेषा चढत गेल्या. रेषा एकदाही बुडाली नाही, असं तो शपथेवर सांगू शकत होता. पुढे सांगितलंही.

कारण १९७५ च्या माघात नाव उलटली.

झालं असं, की जयवंतासाठी पलीकडचं एक स्थळ आलं होतं. धामणगावकडची माणसं, ओलिताची शेती, मुलगा तालुक्याला नोकरीत. रीतीप्रमाणे त्यांनी इकडे मुलगी पाहायला यायचं. पण मुलाच्या आजीला कोणा ज्योतिष्याने जलभय सांगितलं होतं, त्यामुळे ती नावेत बसेना, आणि आजीने पाहिल्याशिवाय त्या घरात मुलगी पसंत होत नसे. मग असं ठरलं, की मुलगीच पलीकडे न्यायची. शकुंतलाबाईंचं सासर नदीपल्याडच होतं, त्या घरी दाखवायची. जयवंताला तेव्हा कॉलेजात लागून आठ महिने झाले होते. मुलाकडल्यांनी निरोपात आधीच कळवलं होतं, की पुस्तकांच्या नोकरीची गरज राहणार नाही. हे तिला तिच्या बाबांनी नाही, आत्याने सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं होतं, “रविवारी जायचं ना?” आणि ती म्हणाली होती, “बघते.” त्या घरात ‘बघते’चा अर्थ हो असाच धरत.

नावेत पुढे वासुदेवराव, पलीकडच्या काठाकडे तोंड करून. मध्ये शकुंतलाबाई आणि संत्र्यांच्या दोन टोपल्या. त्यांच्या मागे नानाजी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, मुलीकडून चार शब्द बोलायला सोबत घेतलेले. मग रूपराव आणि त्याची बकरी. रूपरावाला पलीकडच्या बाजाराला जायचं होतं, त्याचा या लग्नाशी काही संबंध नव्हता. बसलेल्यांत सगळ्यांत मागे जयवंता, आणि तिच्याही मागे नावेच्या टोकाला बांबू टेकून उभा प्रेमदास.

नदी अर्धी ओलांडली. पलीकडल्या काठावर छत्री धरलेली माणसं दिसायला लागली. खुर्चीवर आजी. जयवंताने पाहिलं. तिला ओरडता आलं असतं, रडता आलं असतं, बाबांच्या खांद्याला हात लावून ‘परत चला’ असं म्हणता आलं असतं. यातलं एकही तिला जमलं नाही. ती उभी राहिली. नुसती उभी नाही, नावेच्या एका काठावर पाय देऊन उभी राहिली.

पाणी मांडीएवढंच होतं. कोणी बुडालं नाही. शकुंतलाबाई पाण्यात बसल्या बसल्या भावाला नावं ठेवत राहिल्या. संत्री रांगेने प्रवाहाबरोबर खाली चांद्याच्या दिशेला निघाली. बकरी सगळ्यांत आधी पलीकडे पोचली आणि तिच्यामागून गुडघ्याला चिखल लागलेली नवरी मुलगी वर आली. आजीने ते दृश्य पाहिलं आणि आपलं जलभय किती खरं होतं ते जमलेल्या सगळ्यांना पटवून दिलं. स्थळ तिथेच संपलं.

वासुदेवरावांचं पागोटं वाहून गेलं होतं, चष्मा वाकला होता. पण घरी आल्यावर कोरडं धोतर नेसून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ते पुस्तक काढलं. तीस वर्षांत नाही, शंभर वर्षांत नाही, वर्धा जिल्ह्यात पहिल्यांदा एक सागरी अपघात घडला होता आणि तोही कायदा वाचलेला एकमेव माणूस नावेत असताना.

पुढच्या रविवारी शाळेच्या पडवीत चौकशी भरली. अर्धं गाव आलं. कायद्यात म्हटलं होतं, की चौकशीला बसणाऱ्यांसोबत सागरी बाबींचा अनुभव असलेला सहायक हवा. गावात तसा एकच माणूस होता. नानाजी मुंबईला गेले असताना लाँचमध्ये बसून घारापुरीची लेणी पाहून आले होते.

“जातांना उलट्या झाल्या, येतांनाबी झाल्या,” नानाजींनी आधीच सांगून टाकलं.

“म्हणजे अनुभव दुहेरी आहे,” वासुदेवरावांनी नोंद केली.

“पन मी साक्षीदारबी हावो ना जी. मीच पडलो, मीच न्याय करू?”

“मीही पडलो. दुसरा कोणी समुद्र पाहिलेला असेल तर हात वर करा.”

कोणी हात वर केला नाही.

मग भार मोजायचा ठरला. नावेतले सगळे कापसाच्या काट्यावर चढले, बकरीसुद्धा. शकुंतलाबाई मात्र चढेनात.

“मी काय कापसाची गाठ आहो? माया वजनाचं तुले काय करायचं हाये?”

“अक्का, कायद्याला लागतं.”

“तुया कायद्याले म्हण, दीड मण लिहून घे अन् गप बस.”

वासुदेवरावांनी दीड मण लिहिलं आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मग प्रेमदासची साक्ष झाली. रेषा बुडाली होती का? “नाई जी. एकदाबी नाई.” लोक नाव पाहायला उठून घाटावर गेले, तर नावेच्या बाजूला चुन्याच्या नऊ रेषा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, आणि सगळ्यांत वरची थेट काठावर. गाव हसून हसून खाली बसलं. वासुदेवराव हसले नाहीत. त्यांनी छडी काखेत धरली आणि बराच वेळ त्या नऊ रेषांकडे पाहिलं.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “बुडू देऊ नको म्हणालो, हलवू नको म्हणायचं राहिलं.”

पण नऊ रेषांनीही प्रश्न सुटेना. तेवढाच भार घेऊन नाव बाजाराच्या दिवशी शंभरदा गेली होती. मग संशय बकरीवर आला.

“बकरी हालली का?” वासुदेवरावांनी रूपरावला विचारलं.

“नाई जी. बिचारी चारी पायावर सरळ उभी. तिचं नाव कायले घेता? गरीब जनावर.”

“प्रेमदास, तू मागे उभा होतास. सगळी नाव तुझ्या नजरेसमोर होती. नाव कशाने कलली?”

प्रेमदासने बांबूच्या टोकाकडे पाहिलं. मग नदीकडे. “पाह्यलं नाई जी,” तो म्हणाला.

त्या दिवशी जयवंता पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिला माहीत होतं की त्याने पाहिलं आहे. नाव उलटायच्या आधी एक क्षण त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं, आणि त्याने बांबू सोडून तिच्याकडे हात केला होता.

सहावी साक्षीदार म्हणून तिचं नाव यादीत होतं. वासुदेवरावांनी यादीवरून बोट फिरवलं, सहाव्या नावापाशी थांबले आणि घड्याळ पाहिलं. “एक बयाण बाकी आहे,” ते म्हणाले. “तोवर चौकशी तहकूब. नावाड्याचा दाखला निकालापर्यंत स्थगित.”

त्यानंतर घरात स्थळांची भाषा झाली नाही. कोणी विषय काढलाच तर वासुदेवराव म्हणत, “आमच्याकडे प्रवासाचा योग नाही.” जयवंताची नोकरी राहिली. आणि प्रेमदासचा दाखला स्थगित राहिला तो राहिलाच. नाव चालत होती, लोक बसत होते, पण बसताना थट्टा करत, “काय रे बिनदाखल्याचा, आज कोनाले पाडतं?” लेकीचं लग्न ठरवायला गेला तिथेही सोयरे हसत म्हणाले, तूच ना तो, नाझरसाहेबाले बुडवणारा? त्याने कोणाला काही उलट सांगितलं नाही. फक्त दर वर्षी पोळ्यानंतर तो ओसरीशी येई. “साहेब, माया निकाल?” आणि वासुदेवराव म्हणत, “एक बयाण बाकी आहे.” असं बोलताना ते जयवंताकडे कधी पाहत नसत. ती पुस्तकाचं पान उलटत असे, वाचलेलं असो वा नसो.

तर त्या रविवारी, १९८३ च्या नोव्हेंबरात, शेंगा सोलून होत आल्या होत्या तेव्हा प्रेमदास आला. खाली बसला नाही.

“साहेब, पूल झाला. पंधरा दिवसांनी गाड्या सुरू होते म्हणते. मंग नावेत कोन बसते? मी ते काठावर उलटी घालून ठेवतो. पन त्याच्या आगुदर माया निकाल द्या. बिनदाखल्याची नाव वाळूत गेली तं माया बापाले काय सांगू?”

वासुदेवरावांनी चष्मा पुसला. “पुढच्या रविवारी शेवटची बैठक,” ते म्हणाले. मग पहिल्यांदाच ते जयवंताकडे वळले. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा. “तुला पुढच्या रविवारी सवड आहे ना?”

“बघते,” ती म्हणाली.

ते मान हलवून हसले. संध्याकाळी रिक्षापर्यंत सोडायला आले, तिच्या पिशवीत वालाचे दाणे ठेवले आणि म्हणाले, “येजो मग.” कोर्टात तीस वर्षं शुद्ध बोलून त्यांची जीभ सरळ झाली होती, पण तिला निरोप देताना ते अजून ‘येजो’च म्हणत.

मंगळवारी सकाळी वासुदेवराव छडी घेऊन नदीवर निघाले आणि दारातल्या पायरीवर बसले. शकुंतलाबाईंना वाटलं चप्पल घालत आहेत. बराच वेळ वाटलं.

कॉलेजात निरोप आला तेव्हा जयवंता एका मुलाच्या पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का मारत होती. तिने शिक्का नीट मारला, तारीख तपासली आणि मग खुर्चीवर बसली.

तेरवी रविवारी आली. मांडवात पंगती उठल्या, पाहुण्यांना पान-सुपारी फिरली. शकुंतलाबाईंनी तेरा दिवसांत भावाला इतक्या शिव्या दिल्या होत्या, की कोणाला त्यांच्याजवळ जाऊन समजूत घालायची हिंमत होत नव्हती. “बसायले पायरीच भेटली त्याले,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “घरात खुर्ची नव्हती?”

प्रेमदास धुतलेल्या धोतरात आला. जेवला नाही. हातात प्लास्टिकची पिशवी.

“आज तेरवी हाये रे, बाप्पा,” नानाजी त्याला हळू आवाजात म्हणाले.

“मले मालूम हाये जी. पन साहेबांनी बैठक ठरवली होती. मागच्या रविवारी झाली नाई, तं आज व्हाले पाह्यजे. उद्या पूल सुरू होते.”

नानाजींनी जयवंताकडे पाहिलं. ती आत गेली आणि बाबांच्या ट्रंकेतून लाल फडक्यात बांधलेली चौकशीच्या कागदांची मिसल घेऊन आली. अध्यक्षांच्या जागी बसायला नानाजी तयार होईनात. ते पोत्यावर एका बाजूला सरकून बसले, डोळ्यांपासून हातभर दूर धरून वाचू लागले. भारांचा तक्ता. नावेचं चित्र, त्यात कोण कुठे बसलं त्याचे गोल. दीड मण आणि त्याच्यापुढचं प्रश्नचिन्ह.

“अजून हाये ते?” शकुंतलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. “खोडा ते. दोन लिहा. दोनच होतो मी.”

“मंग झालंच ना,” रूपराव म्हणाला. “अन् तेबी पुरत नसन तं बकरीच्या नावावर टाका जी. ते तं कवाच गेली. तिले काय फरक पडते?”

“मीच सरकली होती, पानाच्या डब्यासाठी,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “लिहा.”

“माया पाय घसरला होता, तसं लिहितो,” नानाजी म्हणाले. “मी सहायक हावो, मले चालते.”

“नाई जी.” प्रेमदासने पिशवी छातीशी धरली. “खोटा निकाल नाई पाह्यजे. साहेबांनी आठ वर्षं खोटा लिहिला नाई. लिहिता आला असता. बकरीनं पाडलं नाई, अक्कानं पाडलं नाई, अन् म्याबी पाडलं नाई. कोनं पाडलं ते मी सांगनार नाई. नावेत बसलं ते मायी सवारी असते.”

नानाजींनी शेवटचं पान उलटलं आणि थांबले. “अठी एक लिहून हाये,” ते म्हणाले, आणि अडखळत वाचलं: “साक्षीदार क्रमांक सहा, कुमारी जयवंता. बयाण नोंदवलेलं नाही.” खाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं: “साक्षीदाराला घाई करू नये.”

जयवंताने तो कागद हातात घेतला. तेच ते अक्षर, वेलांट्या पाय रोवून उभ्या असलेलं. चित्रातल्या सगळ्या गोलांना आकडे होते. बसलेल्यांतल्या सगळ्यांत मागच्या गोलातून एक बारीक बाण काढलेला होता, सरळ वर.

म्हणजे ते ओळखून होते. गणित त्यांनी केव्हाच सोडवलं होतं.

तिने कागद नानाजींना परत दिला.

“लिहा,” ती म्हणाली.

नानाजींनी पेन शोधलं. त्यांना पद्धत आठवत होती. “वारा होता का?”

“नव्हता.”

“सांगाडा?”

“चांगला होता.”

“साहित्य?”

“बांबू, दोर, सगळं होतं.”

“मानसं? म्हंजे, नावाडी?”

“नावाडी जागेवर होता. त्याने मला धरायला हात केला. मीच तो घेतला नाही.” ती प्रेमदासकडे वळली. “काका, आठ वर्षं तुम्ही ऐकून घेतलंत.”

प्रेमदासने मान खाली घातली. “दाखला भेटला तं झालं, बाई,” तो म्हणाला.

“भार?” नानाजींनी विचारलं, आणि चटकन पुढे म्हणाले, “ते राहू दे. अक्कांनी दोन सांगतले.”

कोणीतरी हसलं, शकुंतलाबाईच असाव्यात. जयवंतालाही हसू आलं.

“कारन?” नानाजींनी पेन टेकवलं.

ती पोत्यावरच्या रिकाम्या जागेकडे पाहून बोलली. आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला.

“मी उभी राहिले होते, बाबा. मुद्दाम. मला पलीकडे जायचं नव्हतं.”